'हार्डशिप'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

अनुवादिनी (धागाकर्ती)

मंडळी, एका शब्दापाशी दोन दिवस अडून बसले आहे, म्हणून हा धागा.

कर्जदारांना वाटायच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. चार पानं आहेत, बाकी सगळं झालं. त्यात एक साधंसरळ वाक्य आहे: 'इफ रीपेमेंट इज कॉझिंग यू हार्डशिप, टॉक टु अस.' मी पहिल्या झटक्यात लिहिलं, 'हप्ते फेडताना तुम्हाला कष्ट होत असतील, तर आमच्याशी बोला.' माझं काम ज्या बाई तपासतात त्यांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहून पाठवलं: 'कष्ट करूनच फेडतात हो सगळे. त्यात बोलायचं काय?'

बरोबरच आहे त्यांचं. मग 'त्रास' घालून पाहिला. 'हप्ते फेडताना त्रास होत असेल तर' हे वाचून वाटतं की ॲप उघडत नाहीये किंवा पैसे मध्येच अडकलेत. 'अडचण' घातलं तरी साधारण तेच. 'हालअपेष्टा' लिहिलं तर माहितीपत्रक थेट काळ्या पाण्यावर रवाना झालं. कोशात बघावं तर कष्ट, हाल, विपत्ती, आपदा, सगळे रांगेत उभे. वाक्यात मात्र एकही बसायला तयार नाही.

दोन प्रश्न आहेत. एक, इंग्रजीत या शब्दाची नेमकी हद्द कुठली? डिफिकल्टी, ट्रबल, सफरिंग आणि हार्डशिप यांत इंग्रजी बोलणारा माणूस फरक कशावरून करतो? आणि दोन, अर्थातच, मराठीत काय लिहू?

तिरकस

'तुमचं जहाज खडकावर आपटलं असेल, तर आमच्याशी बोला.' हार्ड अधिक शिप. झालं भाषांतर. मानधन अर्धं माझं.

खोडरबर

तिरकस यांचा विनोद आधी निकालात काढतो, कारण बऱ्याच जणांना मनातून खरंच तसं वाटत असतं. या 'शिप'चा जहाजाशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत '-शिपे' असा प्रत्यय होता, त्याचा अर्थ अमुक असण्याची अवस्था. 'शेप' म्हणजे घडवणे, आकार देणे, त्या घराण्यातला हा प्रत्यय. जर्मनमध्ये त्याचंच रूप '-शाफ्ट'. डच भाषेत '-स्खाप', आणि डच चित्रकारांबरोबर तिथला शब्द इंग्रजीत आला तो 'लँडस्केप'. म्हणजे लँडस्केपमधला 'स्केप' आणि हार्डशिपमधला 'शिप' हे सख्खे भाऊ, फक्त वेगवेगळ्या घरी वाढलेले.

हा प्रत्यय सहसा नामाला चिकटतो: फ्रेंड, लीडर, मेंबर, ओनर. 'हार्ड' मात्र विशेषण आहे. विशेषणाला 'शिप' लागून आजपर्यंत तगलेले शब्द फार थोडे. 'वर्शिप' हा त्यातलाच: 'वर्थ' म्हणजे लायक, त्याला हा प्रत्यय लागून आधी मान, योग्यता असा अर्थ, पूजा हा अर्थ पुढे आला.

'हार्डशिप' इंग्रजीत १२०० च्या सुमारास दिसायला लागतो. तेव्हा अर्थ होता नुसता कठीणपणा, कठोरपणा. सोसावं लागणं, ददात, हाल हे अर्थ नंतर चढले. मला यातली वाटणी मजेशीर वाटते. एकाच 'हार्ड'पासून दोन भाववाचक नामं झाली. दगडाच्या वाट्याला 'हार्डनेस' आला आणि माणसाच्या वाट्याला 'हार्डशिप'.

पानगळ

छान धागा. मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या वाट्याचं समजते.

शब्दाची हद्द शोधायची तर तो कुठल्या क्रियापदांबरोबर हिंडतो ते बघावं. डिफिकल्टी 'सॉल्व्ह' होते, 'ओव्हरकम' होते, कधी 'अव्हॉइड'ही करता येते. हार्डशिपबरोबर येतात सफर, एन्ड्युअर, फेस, अंडरगो. समोरच्या बाजूने कॉझ आणि इम्पोज. 'आय सॉल्व्ह्ड माय हार्डशिप' असं लिहिलेले निबंध मी तपासले आहेत, वाचताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं. गणितात डिफिकल्टी असते, कुलूप उघडण्यात असते, दुसऱ्याचं अक्षर लावण्यात असते. यातल्या कशातच हार्डशिप नाही.

सफरिंगशी फरक जरा बारीक आहे. सफरिंग माणसाच्या आत असतं, हार्डशिप त्याच्या भोवती. पुरेसं अन्न नाही, ऊब नाही, झोप नाही, पैसा नाही, ही हार्डशिप. त्याने जिवाची जी तगमग होते ते सफरिंग. म्हणूनच एकाच हार्डशिपमध्ये दोन माणसं वेगवेगळी दिसतात. एक खचतो, दुसरा गाणी म्हणतो. गाणी म्हणणाऱ्याची हार्डशिप त्यामुळे कमी होत नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे काळ. एक दिवस उपाशी राहिलात तर ती हार्डशिप नव्हे, तीन महिने अर्धपोटी काढलेत तर ती आहे. पाय मोडला, हा अपघात. पाय मोडला, त्यामुळे काम सुटलं, काम सुटलं म्हणून घरभाडं थकलं, तिथे हार्डशिप सुरू होते. शब्दात एक लांबण आहे. 'अ मोमेंट ऑफ हार्डशिप' कानाला विचित्र लागतं, 'इयर्स ऑफ हार्डशिप' सहज येतं.

व्याकरणाचं थोडक्यात: मोजता येतो आणि येतही नाही. 'द हार्डशिप्स ऑफ लाइफ' म्हटलं की एकेक वेगळी, 'अ लाइफ ऑफ हार्डशिप' म्हटलं की सगळी मिळून एक.

आता धागाकर्तीची जी फसगत झाली ती माझ्या वर्गात उलट्या दिशेने होते. 'विथ ग्रेट हार्डशिप आय पास्ड द एक्झाम.' मुलाला म्हणायचं असतं, खूप कष्ट करून पास झालो. इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं, याच्या घरात दिवा नव्हता. कारण आपल्या 'कष्ट' या एका शब्दात मेहनत आणि हाल दोघं एकत्र नांदतात, इंग्रजीत त्यांची घरं वेगळी. हार्ड वर्क तुम्ही करता, हार्डशिप तुमच्यावर येते.

अवांतर: 'ही हार्डली वर्क्ड' हे कौतुक म्हणून लिहिणाऱ्यांनो, तुम्ही त्या माणसाची नोकरी घालवताय. त्याचा अर्थ 'त्याने जेमतेमच काम केलं'.

तिरकस

पानगळताई, इंग्रजीतही मेहनत आणि हाल एका घरात राहणारा शब्द आहे की. 'ट्रॅव्हेल', शेवटी 'एल', मधे 'ए-आय'. लॅटिनमध्ये 'त्रिपालियुम' म्हणजे तीन खांबांचं छळायचं साधन, त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द आला असं मानतात. फ्रेंच लोकांनी तो घासूनपुसून 'काम' या अर्थाने ठेवला, आजही कामाला तेच म्हणतात. इंग्रजांनी त्याचे दोन केले: एक यातना आणि दुसरा 'ट्रॅव्हल', म्हणजे प्रवास. एकाच खांबाला बांधून फ्रेंचांनी नोकरी काढली आणि इंग्रजांनी सहल.

पानगळ

:) हे मान्य. पण आज 'ट्रॅव्हेल' बोलण्यात कोण वापरतं? पुस्तकी झालाय. 'ट्रिब्युलेशन'चंही तसंच. तोही लॅटिन 'त्रिबुलुम'वरून, म्हणजे मळणीचं अवजार. माणूस मळून निघतो ती ट्रिब्युलेशन. आपण 'भरडला गेला' म्हणतो ते याच्या फार जवळ आहे.

काळा कोट

कायद्यात या शब्दाची गंमत अजून वेगळी आहे. तिथे हार्डशिप यायला गरीब असावं लागत नाही. कंपनीलाही हार्डशिप येते!

'युनिद्रुआ' नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिने व्यापारी करारांसाठी काही तत्त्वं लिहून ठेवली आहेत, पहिली आवृत्ती १९९४ ची. त्यात 'हार्डशिप' असं चक्क कलमाचं शीर्षक आहे. आधीच्या कलमात बजावलंय की करार पाळणं महागात पडलं म्हणून तो पाळणं टळत नाही. आणि मग हार्डशिप: करारानंतर अशा काही घटना घडल्या की करारातला तोल मुळापासून बिघडला, एका बाजूचा खर्च अफाट वाढला किंवा तिला मिळणाऱ्याचं मोलच गेलं, त्या घटनांचा आधी अंदाज येणं शक्य नव्हतं, त्या तिच्या हाताबाहेरच्या होत्या आणि तो धोका तिने पत्करलेलाही नव्हता. तर तिला पुन्हा वाटाघाटी मागता येतात. लक्षात घ्या, करार पाळणं अशक्य झालेलं नाही. शक्य आहे, पण कंबरडं मोडून. त्या मधल्या जागेला हे नाव आहे.

दुसरा प्रयोग 'अनड्यू हार्डशिप'. अमेरिकेत कर्मचाऱ्याने धार्मिक कारणासाठी सवलत मागितली, तर मालकाने ती द्यायची, फक्त मालकाला 'अनड्यू हार्डशिप' होत नसेल तर. आता किती म्हणजे अनड्यू? १९७७ च्या एका निकालावरून बरीच वर्षं असं धरलं जायचं की किरकोळपेक्षा थोडा जास्त खर्च आला तरी मालकाने नाही म्हणावं. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे वाचन चुकीचं ठरवलं. मालकाच्या एकंदर धंद्याच्या मानाने खर्चाचा बोजा भरीव असला पाहिजे, असं म्हटलं. म्हणजे शेवटी वाद शब्दाच्या वजनाचाच होता. 'हार्डशिप' म्हटलंय, 'गैरसोय' म्हटलेलं नाही, तर त्या शब्दाला शोभेल एवढं ओझं दाखवा.

मी मराठीत युक्तिवादाची टिपणं काढतो तेव्हा 'हार्डशिप' तसंच ठेवतो. 'अवाजवी हालअपेष्टा' लिहून न्यायाधीशांपुढे उभं राहायचा धीर होत नाही. एखाद्या कारखान्याच्या हालअपेष्टा!

रात्रपाळी

काळा कोट यांचा प्रतिसाद वाचून आठवलं. मी काही वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या एका मोहिमेत सामान पुरवठ्याचं काम केलं. तिथे नेमणुकीच्या ठिकाणांना हार्डशिपची श्रेणी असते. 'एच' म्हणजे मुख्यालयं आणि तशी सुखवस्तू ठिकाणं, पुढे 'ए'पासून 'ई'पर्यंत वाढत जाणारी. 'ई' सगळ्यांत खडतर. सुरक्षितता, औषधोपचार, घर, हवामान, एकटेपणा, शाळा, रोजच्या सोयी असं सगळं बघून श्रेणी ठरते आणि तिच्यावर भत्ता ठरतो.

माझं ठिकाण 'ई' होतं. पाणी टँकरने यायचं, संध्याकाळी सहानंतर आवाराबाहेर पाऊल नाही, जनित्र दहा वाजता बंद. पगाराच्या कागदावर दर महिन्याला एक ओळ छापून यायची, 'हार्डशिप', आणि तिच्यापुढे रक्कम. पहिल्या महिन्यात मी ती ओळ घरी फोनवर वाचून दाखवली. आई म्हणाली, 'म्हणजे हाल होतायत याचे पैसे देतात? आणि हाल थांबवत नाहीत?'

मराठीत आम्ही दोघं-तिघं होतो, आपसांत त्याला 'खडतर भत्ता' म्हणायचो. पण खरं सांगायचं तर आवाराच्या तारेपलीकडे जे लोक राहायचे ते जन्मभर 'ई'मध्ये होते, आणि त्यांना श्रेणी नव्हती. तिथून हा शब्द माझ्या डोक्यात जरा वाकडा बसलाय. कागदावरची हार्डशिप ही नेहमी दुसऱ्या कुणीतरी मोजलेली असते.

आजोबा७४

धागा उशिरा पाहिला. अनुवादिनीताई, मराठीत या मुलखात शब्दांची टंचाई नाही, उलट भाऊगर्दी आहे. आपल्याकडे एकच सर्वसाधारण शब्द नाही, प्रत्येक प्रकारच्या वाताहतीला वेगळा आहे. कोण सोसतंय त्यावर शब्द ठरतो.

लहान मुलांची होते ती आबाळ. म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची हेळसांड. मनासारखं बोलता-वागता येत नाही ती कुचंबणा. एका दारातून दुसऱ्या दारात पिटाळलं जाणं म्हणजे ससेहोलपट, यात ससा आहे आणि त्याच्यामागे लागलेले कुत्रे आहेत, ते लिहिलेले नाहीत एवढंच. आपल्या इच्छेविरुद्ध कुणाच्या तरी मागे ओढलं जाणं ती फरफट. आई-बाप मुलांसाठी काढतात त्या खस्ता. हा फारसीतला शब्द, मूळ अर्थ जखमी, थकलेला. परवड तर ऐकायलाच वाईट वाटते, आणि गंमत बघा, पैसे असले की 'परवडतं' आणि नसले की 'परवड' होते.

पैशाच्या बाबतीत मुख्य शब्द हलाखी. अरबी 'हलाक' म्हणजे नाश, त्यावरून. 'हलाखीचे दिवस', 'हलाखीची परिस्थिती'. पानगळताईंनी ज्याला लांबण म्हटलं ती या शब्दात पुरेपूर आहे. एका दिवसाची हलाखी नसते. शिवाय ती बाहेरची आहे, मनातली नव्हे. हार्डशिपच्या तिन्ही अटींत बसते.

तिरकस यांच्यासाठी एक जोड: इंग्रजी 'ऑर्डील'चा मूळ अर्थ निवाडा. तापलेलं लोखंड हातात धरायला लावायचं आणि जखम कशी भरते त्यावरून दोषी की निर्दोष ते ठरवायचं. १२१५ मध्ये पोपच्या परिषदेने पाद्र्यांना यात भाग घ्यायला बंदी केली आणि प्रथा ओसरली. आपला 'दिव्य' शब्द अगदी याच अर्थाचा: अग्निदिव्य, तुलादिव्य, विषदिव्य. दोन्ही भाषांत न्यायाची परीक्षा गेली आणि मागे नुसतं सोसणं उरलं. ऑर्डील भयंकर अनुभव झाला, दिव्य मात्र आता टोमण्यातही येतं. 'काय दिव्य लावलेत हो!'

अनुवादिनी

आजोबा, मन:पूर्वक आभार, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. 'हलाखी' माझ्या यादीत नव्हता याची लाज वाटली.

पण तो वाक्यात घातला आणि नवीनच पेच पडला. 'हप्ते फेडताना तुमची हलाखी होत असेल, तर आमच्याशी बोला.' व्याकरण धडधाकट आहे. पण मी स्वत: कर्जदार आहे असं समजून वाचलं आणि पत्रक बाजूला ठेवावंसं वाटलं. हलाखी आपण दुसऱ्याची म्हणतो. 'त्यांची फार हलाखी आहे हो.' स्वत:बद्दल कुणी 'मी सध्या हलाखीत आहे' म्हणताना ऐकलंय का? वर्षानुवर्षांनी, दिवस पालटल्यावर म्हणतात, 'हलाखीत दिवस काढले आम्ही.' चालू काळात नाही.

आणि पान तीनवर तर कळसच आहे: 'प्लीज अटॅच प्रूफ ऑफ हार्डशिप.' हलाखीचा पुरावा जोडा? काय जोडायचं, फाटका सदरा? इंग्रजीत मात्र ते वाक्य कोरडं आहे, अपमान करत नाही. हा कोरडेपणा मराठीत कुठून आणू?

पानगळ

तो कोरडेपणा इंग्रजीतही कचेरीतलाच आहे, बरं का. अर्जात लोक 'आय ॲम एक्स्पीरियन्सिंग फायनान्शियल हार्डशिप' लिहितात, पण शेजाऱ्याशी बोलताना कुणी असं म्हणणार नाही. तिथे 'थिंग्ज आर अ बिट टाइट' एवढंच. टाइट.

तिरकस

टाइट! थांबा, थांबा. आता विनोद नाही, खरंच सुचलंय.

टाइट म्हणजे आवळलेलं. आपली 'तंगी' कुठून आली? फारसी 'तंग', म्हणजे अरुंद, आवळ. 'संकट'चा संस्कृतातला मूळ अर्थ बघा: अरुंद, दाटीचं, चिंचोळी वाट. इंग्रजीत 'डायर स्ट्रेट्स' म्हणतात, स्ट्रेट म्हणजे दोन जमिनींमधली अरुंद सामुद्रधुनी. 'डिस्ट्रेस'च्या मुळाशीही लॅटिनमधलं ताणणं, आवळणं आहे. आणि 'अँग्विश' तर सरळ 'अरुंदपणा' या लॅटिन शब्दावरून.

'अडचण' तर आपण आजही दोन्ही अर्थांनी वापरतो. 'खोलीत कपाटाची अडचण झालीय' आणि 'सध्या जरा अडचण आहे.' पहिल्या वाक्यात कपाट सरकवायला जागा नाही, दुसऱ्यात पैसे सरकवायला. माणसाला कुठल्याही भाषेत वाईट दिवस आले की भिंती जवळ येतात.

काळा कोट

वा! तिरकस सरळ बोलले, या दिवसाची नोंद घ्या.

खोडरबर

तिरकस यांच्या अरुंदपणाला सलाम, पण मला कालपासून दुसरीच एक गोष्ट छळतेय. ती मांडतो, पटते का बघा.

'हाल' हा अरबी शब्द. अर्थ काय? अवस्था, स्थिती. हिंदीत आजही 'क्या हाल है' विचारतात, त्यात वाईट काही नाही. मराठीत आला आणि 'त्याचे हाल झाले' म्हणजे वाईटच. 'दशा' म्हणजेही अवस्थाच, कपड्याच्या टोकाला सुटे दोरे असतात त्या दशा वेगळ्या. पण 'काय दशा झालीय तुझी!' यात 'दुर्' न लावताच दुर्दशा आहे. 'अवस्था' तर अवस्थाच, तरी 'काय अवस्था करून घेतलीस' हे कुणी नव्या कपड्यांचं कौतुक करताना म्हणत नाही. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे 'परिस्थिती'. 'परिस्थितीमुळे शिक्षण सोडावं लागलं.' कुठली परिस्थिती? चांगली की वाईट? विचारावंच लागत नाही.

चार शब्द. दोन संस्कृत घरचे, एक अरबी, एक अलीकडचा बनवलेला वाटतो असा. चौघांचा अर्थ नुसता 'असणं', आणि चौघंही मराठीत येऊन एकाच बाजूला कलंडले.

आता माझ्या पहिल्या प्रतिसादातला प्रत्यय आठवा. 'शिप' म्हणजे अवस्था. इंग्रजांना त्याच्याआधी 'हार्ड' जोडावा लागला, नाहीतर कळलं नसतं. आपण 'हार्ड' वगळला आणि नुसत्या 'शिप'वर भागवलं. म्हणून कोशात शोधताना शब्द सापडत नाही. आपण 'कठीण अवस्था' म्हणतच नाही, 'अवस्था' म्हणतो आणि आवाज जरा खाली आणतो.

आजोबा७४

शाब्बास रे खोडरबर. फक्त 'परिस्थिती'ला अलीकडचा म्हणालास तिथे सांभाळून. जुना असो की नवा, तो आता कोशातल्या अर्थापेक्षा कितीतरी जास्त ओझं वाहतोय हे मात्र खरं.

खोडरबर

मान्य आजोबा, ते विधान मागे घेतो.

उंबरठा

नेहमी वाचनमात्र असते, आज लिहिते.

'परिस्थिती'बद्दल खोडरबर यांनी लिहिलं ते अर्धं आहे. तो शब्द दोन्हीकडे कलंडतो. सातवीत असताना माझ्या फी-माफीचा अर्ज वडिलांनी लिहिला होता. रेघांच्या वहीचं मधलं जोडपान काढून, टाचणीची भोकं दिसत असलेलं. मजकूर आठवतो, कारण तो मला शाळेत नेऊन द्यायचा होता आणि मी वाटेत तीनदा वाचला: 'माझी परिस्थिती नसल्याने मुलीची फी भरू शकत नाही, तरी विनंती.' परिस्थिती नसल्याने! बिकट नाही, वाईट नाही, हलाखीची नाही. नाहीच. म्हणजे इथे 'परिस्थिती' याचा अर्थ ऐपत. 'परिस्थितीमुळे शिकलो नाही' म्हणतो तेव्हा ती गरिबी, आणि 'परिस्थिती नव्हती' म्हणतो तेव्हा ती पैसा. उलटे अर्थ, पण माणूस दोन्हीकडे तेच सांगतोय.

आणि तिसरा प्रकार आईचा. कुणी विचारलं तर ती म्हणायची, 'परिस्थिती बेताची आहे.' बेताची म्हणजे काय, हे ज्याला कळायचं त्याला कळतं. वडिलांच्या अर्जात मागणं होतं, म्हणून त्यांनी 'नसल्याने' लिहिलं. आईला काही मागायचं नसायचं, तिची 'बेताची'वर गाडी थांबायची.

अनुवादिनी, तुमच्या पत्रकात त्या माणसाला काहीतरी मागायचं आहे, हे लक्षात ठेवून शब्द निवडा. तो वाचणार एकट्याने, पण बोलणार खिडकीपाशी उभा राहून, मागे रांग असताना. तुम्ही लिहाल तोच शब्द त्याला तिथे तोंडाने उच्चारावा लागेल.

रात्रपाळी

उंबरठा, लिहीत जा हो. वाचनमात्र राहू नका.

पानगळ

उंबरठा यांची कसोटी मला कोशापेक्षा पक्की वाटते. खिडकीपाशी मोठ्याने म्हणून बघा. 'माझी हलाखी होतेय', नाही. 'मला आर्थिक विपन्नावस्था आहे', देवा. 'घरात ओढाताण होतेय' हे कुणीही, कुणासमोरही म्हणेल. पैशाचं आहे हे कळतं, बरेच दिवस चाललंय हे कळतं, आणि मान खाली जात नाही.

काळा कोट

'ओढाताण' माझ्याही मनात होता. 'ओढग्रस्त' असा जुना शब्दही आहे याच कुळातला, पण तो आता अग्रलेखातच दिसतो. पुराव्याच्या ओळीत मात्र भाव नको, वस्तू सांगा. 'प्रूफ ऑफ हार्डशिप' म्हणजे शेवटी काय मागतायत? पगार कमी झाल्याचा कागद, दवाखान्याचं बिल, काम सुटल्याचं पत्र. तेच लिहा. भाषांतरकाराने प्रत्येक नामाला नाम दिलंच पाहिजे असा कायदा नाही, मी शोधून बघितलाय.

अनुवादिनी

सगळ्यांचे आभार. अंतिम मजकूर असा पाठवला:

'हप्ते भरताना घरात ओढाताण होत असेल, तर आमच्याशी बोला.'

आणि पान तीनवर: 'उत्पन्न कमी झाल्याचे किंवा खर्च वाढल्याचे दाखवणारे कागद सोबत जोडा.' हार्डशिप हा शब्द त्या ओळीत कुठेच नाही. मुखपृष्ठावर 'फायनान्शियल हार्डशिप' हे शीर्षक होतं, तिथे 'पैशांची ओढाताण होत असेल तर' असं केलं. रुबाब गेला, पण चालेल. 'हलाखी' एका ठिकाणी ठेवलाय, शेवटच्या पानावर एका कर्जदाराची गोष्ट आहे. बाई आता सावरल्या आहेत आणि मागचं सांगतायत, म्हणून तिथे शोभला.

तपासणाऱ्या बाईंकडून कागद आज परत आला. पहिल्या वाक्यापुढे पेन्सिलीची बारीकशी बरोबरची खूण आहे. पान तीनवर लिहिलंय: 'जोडा नको, जोडावेत. आणि स्वल्पविराम कुठे गेला?'

तिरकस

स्वल्पविराम हलाखीत आहे. मानधनाचं मात्र विसरू नका.